हात टेबलावर

रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आठवायला आता तिच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागतं, तेव्हा आपणही रेडिओच म्हणू या. बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी तिनं उभं आयुष्य केली. कुठली गाडी कुठे लागली, कुणाचं पोर चुकलंय, कुणाची छत्री सापडलीय, हे काचेच्या खोलीत बसून ती अख्ख्या गावाला सांगायची. घरी माईक नसायचा, एवढाच काय तो फरक. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की नवरा मान डोलवत बसायचा. ‘लग्नानंतर मला बोलायची वेळच आली नाही,’ असं तो गमतीनं सांगतो, आणि तेही ती आतल्या खोलीत असेल तेव्हाच.

मग स्थानकावर यंत्र आलं. आणि यंत्रात आवाज कुणाचा घातला? हिचाच! चांगलं चहापाणी करून, खुर्चीत बसवून, सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे तिच्याकडून बोलून घेतले, आणि मग गोड शब्दांत निरोप दिला. आता बोला! बाजारात जाताना स्थानकावरून स्वतःचाच आवाज ऐकू आला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी यायची आणि भांडी आदळायची. नवऱ्यानं एक दिवस भीतभीत सुचवलं, ‘गावातल्या त्या सेवासंस्थेत म्हणे बोलण्याचं काहीतरी काम असतं. जाऊन तर बघ.’ रेडिओ चपला घालून निघालीसुद्धा.

संस्थेच्या तळमजल्यावर एक लांबट खोली. मधे एक मोठं टेबल, भोवती एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, एक कडी तुटलेली खिडकी, आणि भिंतीवर घड्याळाचा नुसता खिळा. घड्याळ काढून कपाटात ठेवलेलं. ही खोली ज्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सुरू केली, त्यांनीच ते काढलं होतं. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली अशी माणसं दर मंगळवारी इथे यायची. आता वाचा गेली म्हणजे अक्कल गेली असं नव्हे हो! डोक्यात सगळं जागच्या जागी असतं. फक्त शब्द बोलवला की येत नाही. आला तर भलताच येतो. आपण ‘पाणी’ म्हणायला जावं आणि तोंडातून ‘खिडकी’ बाहेर पडावी. जिवाचं काय होत असेल, बघा.

‘मी काय करू? काय बोलू यांच्याशी?’ रेडिओनं पदर खोचत विचारलं.

बाई म्हणाल्या, ‘तुम्ही गप्प बसायचं.’

रेडिओला वाटलं, नवऱ्यानं आधीच येऊन काहीतरी सांगितलेलं दिसतंय. पण बाई थट्टा करत नव्हत्या. त्या खोलीचा एकच नियम होता: दुसऱ्याचा शब्द आपण पुरवायचा नाही. कुणी शब्द शोधायला लागलं की बाकीच्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायचे आणि थांबायचं. हात टेबलावर असले की खुणा करता येत नाहीत, मनगट उलटं करून वेळ बघता येत नाही, ‘असू दे, असू दे’ म्हणून पाठीवर थोपटता येत नाही. ज्याचा शब्द, त्यानंच तो बाहेर काढायचा. आला तर आला. नाही आला तर त्यानं स्वतः हात टेबलावर ठेवायचे, म्हणजे पाळी पुढच्याची.

पहिल्या मंगळवारी रेडिओच्या जिभेला अक्षरशः खाज सुटली. समोरचा माणूस एका शब्दापाशी धडपडतोय, आपल्याला तो शब्द लख्ख दिसतोय, आणि आपण तोंडात गुळणी धरून बसायचं! घरी जाऊन तिनं नवऱ्याला रात्रीच्या जेवणापर्यंत सोडलं नाही, दिवसभराचं साठलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. पण पुढच्या मंगळवारी ती परत गेली. का गेली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे त्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे परगावी गेल्या आणि खोलीची किल्ली रेडिओच्या हातात आली. आणि मग सुरू झाली खरी कसोटी. मदतीला येणारे लोक यायचे मोठ्या उमेदीनं आणि जायचे तोंड पाडून. कारण उघड होतं. झाड लावलं तर पालवी दिसते, विहीर खणली तर पाणी दिसतं. इथे काय दिसायचं? वाचा गेलेले मास्तर आले तेव्हा कशालाही ‘बरोबर आहे’ म्हणायचे आणि अजूनही ‘बरोबर आहे’च म्हणत होते. चहात साखर विसरली, तरी बरोबर आहे. ड्रायव्हरची तर वेगळीच तऱ्हा. त्याला बायकोचं नाव आठवायचं नाही, पण शिव्या मात्र एकही विसरला नव्हता. त्या न अडखळता, अगदी सुरात यायच्या, आणि मग तो स्वतःच शरमेनं लाल व्हायचा.

आणि टेलरदादा. हा माणूस सगळ्यांत कठीण. एके काळी गावात कोट शिवावा तर त्यांनीच. झटक्यानं उजवा हात लुळा झाला आणि वाचा गेली. ‘हं’ आणि ‘नाही’ सोडलं तर तोंडातून अवाक्षर नाही. त्यांच्या वतीनं सगळं बोलायच्या त्यांच्या बायको. वहिनी माणूस सोन्यासारखी, पण नवऱ्यानं ओठ हलवायच्या आत त्यांचं वाक्य तयार. ‘ह्यांना पंखा नकोय.’ ‘ह्यांना आज बरं वाटतंय.’ टेलरदादा खिडकीबाहेर बघत बसायचे. वर्गात वहिनींना रेडिओ दाराबाहेरच्या बाकावर बसवायची. एक बोलणारी बाई दुसऱ्या बोलणाऱ्या बाईला बाहेर काढते, यावर दोघी हसायच्यासुद्धा.

पण अलीकडे रेडिओला हसू येत नव्हतं. मदतनीस म्हणून आता तिच्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं. सकाळी कुलूप उघडताना तिच्या मनात यायचं, आपण नक्की करतो काय? कुणी बरं होत नाही. कुणी एक वाक्य बोलून दाखवत नाही. बहीण तर फोनवर स्पष्टच म्हणाली होती, ‘अगं, मुक्यांच्या संगतीला जाऊन बसतेस, त्यापेक्षा माझ्याकडे ये, नातवंडं खेळव.’ रेडिओ चिडली आणि तिनं फोन ठेवला. चिडली, कारण तिलाही कधी कधी तसंच वाटायचं.

अशात संस्थेच्या नव्या अध्यक्षबाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून काम केलेल्या, कामात चोख, बोलणं मुद्द्याचं. वाईट अजिबात नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, ‘बाई, वरच्या मजल्यावर शिवण आणि संगणकाचे वर्ग दाटीवाटीनं भरतात. तिथून शिकून मुली कामाला लागतात. तुमच्या खोलीत काय होतं, हे मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? पुढच्या मंगळवारी मी येऊन बसते. मला काही दिसलं तर खोली तुमची. नाहीतर महिनाअखेर रिकामी करा.’

म्हणजे झालं! आठवडाभर रेडिओ मनाशी एकच घोकत होती, एका माणसानं तरी एक वाक्य बोलावं. फक्त एक.

मंगळवार आला. अध्यक्षबाई टेबलाच्या टोकाला बसल्या. त्यांना हातांचा नियम सांगितला, त्यांनी मान हलवली, पण हातात पेन तसंच राहिलं. त्यांनी मास्तरांना विचारलं, ‘तुम्हाला इथे येऊन फायदा होतो?’ मास्तर म्हणाले, ‘बरोबर आहे.’ अध्यक्षबाईंचा चेहरा खुलला. ‘की इथे येणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे?’ मास्तर तितक्याच उत्साहानं म्हणाले, ‘बरोबर आहे.’ ड्रायव्हरनं मास्तरांना वाचवायला तोंड उघडलं आणि अशी काही सणसणीत शिवी बाहेर पडली की बाहेर बाकावर बसलेल्या वहिनी दचकून उठल्या. रेडिओला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेव्हा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, टेलरदादांनी डावा हात वर केला.

‘इथे,’ ते म्हणाले.

हा शब्द रेडिओनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अध्यक्षबाई सोडून सगळ्यांचे हात टेबलावर आले.

‘इथे... स... सगळे...’

आणि पुढचं येईना. कपाळावर घाम आला, मान ताणली गेली, ओठ मिटत होते, उघडत होते. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. रेडिओ त्या पेनकडे बघत होती. तिला दिसत होतं, आता या बाई उठणार. आता ही खोली गेली. एकच शब्द पाहिजे, एकच, आणि तो किती सोपा आहे!

‘प्रेमानं वागतात!’ रेडिओ बोलून गेली. ‘इथे सगळे प्रेमानं वागतात, असं म्हणायचंय दादांना. हो ना, दादा?’

बाहेरच्या जगात याला कुणी चूक म्हणणार नाही. बाहेर याला मदत म्हणतात. पण त्या खोलीत मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर काहीच बोलला नाही, शिवीसुद्धा नाही. टेलरदादांनी रेडिओकडे एकदा बघितलं, आणि ती नजर तिच्या काळजात रुतली. ते काठी घेऊन उठले आणि दार उघडून निघून गेले. ‘ह्यांना घरी जायचंय वाटतं,’ म्हणत वहिनी मागोमाग धावल्या.

अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘शनिवारी समितीची बैठक आहे. तुमचं जे काही म्हणणं असेल ते तिथे मांडा.’

त्या संध्याकाळी रेडिओ एक शब्द बोलली नाही. नवरा घाबरला. त्यानं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. मग तोही शेजारी नुसता बसून राहिला, आणि बऱ्याच वेळानं रेडिओला रडू फुटलं. ‘तीन वर्षं मी त्यांना सांगत आले की थांबा, थांबा,’ ती म्हणाली, ‘आणि वेळ आली तेव्हा मलाच थांबता आलं नाही. खोली वाचवायला निघाले आणि माणूस घालवला.’

नवरा म्हणाला, ‘मग जा ना त्यांच्याकडे.’

‘कुठल्या तोंडानं जाऊ?’

‘आहे तेच घेऊन जा. फक्त जरा मिटून ने.’

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यासमोर केलेला हा पहिलाच विनोद तिला रडता रडता हसवून गेला.

दुसऱ्या दिवशी ती टेलरदादांच्या दुकानात पोचली. चिंचोळं दुकान, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, फळीवर खडू, कात्री, टेप. शिलाईचं काम आता दादांचा मेहुणा करायचा. दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डाव्या हातानं जुन्या कापडावर कात्री चालवत होते, वाकडीतिकडी. त्यांनी तिला बघितलं आणि मान फिरवली. बरोबरच होतं त्यांचं.

येताना तिनं ठरवलं होतं, एकदाच माफी मागायची आणि गप्प राहायचं. पण स्वभाव कुठला बदलायला! ‘दादा, चुकलं माझं,’ तिनं सुरू केलं आणि मग धरणच फुटलं. ‘मला खोलीची काळजी होती हो, त्या बाई पेन घेऊन बसलेल्या, माझा जीव टांगणीला लागलेला, म्हणजे माझा हेतू वाईट नव्हता, पण हेतूचं काय घेऊन बसलात, मीच नियम सांगायचा आणि मीच मोडायचा, तुम्ही रागवा माझ्यावर, पण वर्ग सोडू नका, कारण तुम्ही सोडलात तर मी तरी कुणाच्या तोंडाकडे बघून...’

दादांनी कात्री फळीवर आपटली.

‘ग...’ त्यांचा चेहरा लाल झाला. ‘ग... गप्प!’

मेहुण्याचं मशीन थांबलं. वहिनी कापड मोजता मोजता थिजल्या.

‘गप्प... बस!’ दादा म्हणाले.

दोन शब्द. ठसठशीत, पूर्ण, कुणीही न पुरवलेले. रेडिओचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती हसायला लागली, आणि तिच्याकडे बघून दादाही हसायला लागले. जन्मभर हे दोन शब्द तिला किती जणांनी ऐकवले असतील, पण इतके गोड कधी लागले नव्हते. ती समोरच्या स्टुलावर बसली, दोन्ही हात फळीवर पालथे ठेवले, आणि खरोखरच गप्प बसली. वहिनींनी चहा आणला. ‘ह्यांना साखर...’ त्या म्हणाल्या, आणि रेडिओच्या हातांकडे बघून अर्ध्यावर थांबल्या. दादांनी कप उचलला आणि काही न बोलता चहा पिऊन टाकला. निघताना रेडिओ एवढंच म्हणाली, ‘शनिवारी बैठक आहे.’ दादांनी पुन्हा कात्री हातात घेतली. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

घरी जाताना ती स्थानकावरून गेली. आत तिचा तो जुना आवाज न थांबता, न अडखळता गावांची नावं घेत होता. आज तिला राग आला नाही. तिच्या मनात आलं, बोलायचं काम यंत्र करतंय, करू दे बापडं. थांबायचं काम त्याला कुणी शिकवणार नाही. ते माणसाचंच आहे, आणि खोली राहो की जावो, ते आपण करणार. खोली काढून घेतली तर माझ्या घरातलं जेवायचं टेबल आहे. नवरा सरकून बसेल.

शनिवारी समिती त्याच खोलीत जमली, कारण इतकं मोठं टेबल दुसरीकडे नव्हतं. रेडिओनं भाषण पाठ केलं होतं. ती उभी राहिली, घसा साफ केला, आणि दार उघडलं. पुढे टेलरदादा, मागे वहिनी, त्यांच्या मागे मास्तर आणि ड्रायव्हर. दादांनी आज कोट घातला होता, एका हातानं बटणं लावलेला, एक काज चुकलेलं. ते टेबलापाशी आले आणि रेडिओकडे बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

रेडिओ खाली बसली. भाषण गिळलं. हात टेबलावर ठेवले.

‘इथे,’ दादा म्हणाले. ‘इथे... सगळे...’

पुन्हा तिथेच गाडी अडली. तोच घाम, तीच ताणलेली मान. समितीचे खजिनदार चांगल्या मनाचे गृहस्थ, त्यांना बघवेना. ‘आनंदात असतात का?’ ते म्हणाले. मास्तरांनी दोन्ही तळवे धाडकन टेबलावर आपटले. ड्रायव्हरनंही आपटले, आणि बरोबर एक शिवीही हासडली. खजिनदारांनी दचकून आपलेही हात टेबलावर ठेवले. एकेकाचे हात आले. शेवटी अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण लावलं, ते बाजूला सारलं, आणि त्यांचेही हात आले.

रेडिओच्या डोक्यात शब्दांची नुसती रांग लागली होती. सगळे चांगले आहेत. सगळे समजून घेतात. सगळे आपले आहेत. तिनं दात ओठांत रोवले. खिडकीची तुटकी कडी वाऱ्यानं खडखडत होती. बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि निघूनही गेलं. कुणी हललं नाही.

‘...थां,’ दादा म्हणाले. ‘थां... थांबतात.’

त्यांनी श्वास घेतला. मग डाव्या हातानं खिडकीकडे, रस्त्याकडे, पलीकडच्या सगळ्या जगाकडे बोट दाखवलं.

‘तिकडे... नाही.’

आणि त्यांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला. झालं माझं.

रेडिओच्या यादीत हा शब्द कुठेच नव्हता. तीन वर्षं दर मंगळवारी तेच करूनही तिला तो सुचला नव्हता, आणि त्या मंगळवारी तो दादांच्या ओठांवर येत असताना तिनं मधेच आपला एक गुळगुळीत शब्द आडवा घातला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की कुठे ठेवू आणि कुठे नको.

‘बरोबर आहे,’ मास्तर म्हणाले.

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ‘संगणकांना दुसरी जागा बघू,’ त्या म्हणाल्या. ‘विषय संपला.’ मग जरा थांबून रेडिओला म्हणाल्या, ‘मंगळवारी मदतीला माणूस लागतं का हो तुम्हाला? मला गप्प बसायची सवय नाही, पण शिकेन.’

रेडिओनं नुसती मान हलवली. बोलली असती तर रडली असती.

खोलीला कुलूप लावून ती बाहेर आली तेव्हा टेलरदादा आणि वहिनी फाटकापाशी उभे होते. वहिनींनी विचारलं, ‘आता घरी जायचं, की दुकानात?’ आणि सवयीनं पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं रेडिओला इतक्या लांबून दिसलं. पण ते बाहेर पडलं नाही. वहिनींनी पिशवी खाली ठेवली, फाटकाच्या आडव्या दांड्यावर दोन्ही हात पालथे ठेवले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मागून येणारा भाजीवाला गाडी घेऊन अडला, ‘बाई, जरा सरका’ म्हणाला. त्या सरकल्या नाहीत.

‘दु...’ दादा म्हणाले. ‘दुकान.’